देवाशी भांडणारी माणसं

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातलं सोयाबीन उभ्याउभ्या सडलं. शेंग फोडावी तर दाणा काळा पडलेला, बुरशी धरलेला. काही शेंगांत दाण्याला झाडावरच कोंब फुटलेले. अशा दिवसांत पारावर बसलेल्या माणसांचं बोलणं पिकावरून विम्यावर जातं, विम्यावरून सरकारवर आणि सरकारवरून देवावर. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात असेच दोघे बोलत बसलेत असं धरू. हे दोघे कल्पनेतले आहेत. ते ज्यांची नावं घेतात ती माणसं, सालं आणि कायदे मात्र खरे.

एक गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. घरात पिढीजात पंढरीची वारी, पण स्वतः गळ्यात माळ घातली नाही. देवळात जातात ते सप्त्याचा हिशेब तपासायला. दुसऱ्या सिस्टर, म्हणजे निवृत्त परिचारिका. माहेर जालन्याचं, घराणं चार पिढ्या ख्रिस्ती. नवरा 2021 च्या करोनात गेला, चार एकरांचं सोयाबीन परवा गेलं. सिस्टरबाई तरीही रविवारी उपासना चुकवत नाहीत, आणि नेमकं तेच गुरुजींना कोडं वाटतं.

“राग मानू नका,” गुरुजींनी सुरुवात केली, “पण तुमच्या देवानं तुम्हाला काय दिलं? माणूस नेला, पीक नेलं. दुकानदारानं इतकं फसवलं असतं तर तुम्ही दुकान बदललं असतं.”

“दुकान असतं तर बदललंच असतं,” सिस्टर म्हणाल्या. “मी तिथं काही घ्यायला जात नाही.”

“सगळे घ्यायलाच जातात. त्या चंगाई सभा बघा. तेल लावा, ओरडा, आजार पळाला!”

इथे गुरुजींची अपेक्षा होती की बाई चिडतील. त्या चिडल्या नाहीत, उलट त्यांच्याच बाजूला येऊन बसल्या. नोकरीत त्यांनी असे रुग्ण पाहिले होते. सभेत हात वर करून आले, देवाने बरं केलं म्हणून क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या आणि पुन्हा खोकत वॉर्डात दाखल झाले. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून पायाची जखम चिघळवून आलेलेही पाहिले. “त्यांची श्रद्धा मोठी होती असं म्हणतात लोक. मला तसं नाही वाटत. त्यांनी सौदा केला होता. सौदा फिसकटला की ती माणसं मंडळीत पुन्हा दिसत नाहीत. पाळकसाहेब म्हणतात, विश्वास कमी पडला. मी म्हणते, गोळ्या कमी पडल्या.”

गुरुजी हसले, पण मुद्दा सोडणारे नव्हते. सौदा नको तर मग उरतं काय? आणि सौदा न करता संकटात टिकून राहिलेलं एक तरी माणूस दाखवा, पण बायबलातलं नको, आपल्याकडचं.

सिस्टरबाईंनी पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं. अपेक्षितच होतं. मराठी ख्रिस्ती घरांत हे नाव पहिलं येतं, आणि त्याला कारण आहे. 1858 चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. दोघांनी मुलीला संस्कृत शिकवलं आणि मुलाबाळांसह तीर्थांमागून तीर्थं पायी पालथी घातली. पुराणं सांगायची, मिळेल ते दान करायचं, पुण्य साठवायचं. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा सगळं विकून झालं होतं. अनुष्ठानं केली, ब्राह्मणभोजनं घातली, देव काही पावला नाही. तिरुपतीच्या बाजूच्या जंगलात हे कुटुंब पाला आणि पाणी यांवर दिवस काढत होतं. म्हाताऱ्या वडिलांनी पवित्र तळ्यात देह ठेवायचं ठरवून मुलांचा निरोपही घेतला होता. तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी जातीचा अभिमान सोडतो आणि मोलमजुरी करतो. ते जंगलातून बाहेर पडले. पण वडील त्यातून वाचले नाहीत. मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण. पुढे 1880 मध्ये भाऊ गेला. फेब्रुवारी 1882 मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले, तेव्हा लेक मनोरमा एक वर्षाचीही नव्हती.

“इथंच थांबा,” गुरुजींनी हात वर केला. “संकटात श्रद्धा टिकली याचं उदाहरण म्हणून तुम्ही हे सांगायलात. पण यात तर श्रद्धा तुटलीय! त्या जंगलातून बाहेर पडल्यावर भाऊ-बहीण जुन्या देवांवरचा विश्वास गमावून बसले. रमाबाईंनी स्वतः ते लिहून ठेवलंय. म्हणजे संकट आलं की एक श्रद्धा मोडली, तिचं तुम्ही कौतुक करणार. आणि दुसरी टिकली, तिचंही कौतुक करणार. असं कसं चालेल? एक माप धरा.”

प्रामाणिकपणे सांगायचं तर असल्या चर्चांत हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि विचारला की पाळकांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे घसा खाकरतात. सिस्टरबाईही थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “माप एकच आहे. जे मोडलं तो हिशेब होता. इतकी दानं केली, आता देवानं इतकं द्यावं. ख्रिस्ती माणसाचाही तसाच हिशेब असेल तर तोही मोडावा, माझं काही म्हणणं नाही.”

“आणि रमाबाईंचा नंतरचा विश्वास हिशेबाचा नव्हता कशावरून?”

“त्यात त्यांना काय मिळालं ते बघा ना.”

काय मिळालं? 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी परदेशात, धर्मांतराच्या धास्तीने, जीव दिला. त्यानंतर काहीच दिवसांनी, 29 सप्टेंबर 1883 रोजी, वाँटेजला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच तोंड फिरवलं. आणि तिकडे? तिकडेही सुख नव्हतं. धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचं पत्रांतून जे भांडण चाललं ते महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने छापलं आहे. त्रैक्याचं तत्त्व आपल्या बुद्धीला पटत नाही, असं ही नुकती बाप्तिस्मा घेतलेली बाई इंग्लंडच्या चर्चला तोंडावर सांगते. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं विचारते. मांस-अंड्याला शिवत नाही. मुलग्यांना शिकवू नये असं बिशप म्हणतात तेव्हा तो हुकूम निमूट ऐकून घेत नाही. माझा विवेक मी एका पुरोहितवर्गाच्या हातून सोडवून आणलाय तो दुसऱ्याच्या हाती द्यायला नव्हे, असा एकूण सूर. जेराल्डिनबाईंना हा गर्व वाटला. आज ती पत्रं वाचताना वेगळंच वाटतं. चर्चला इतकं पारखून घेणारी बाई पुढची जवळजवळ 40 वर्षं त्या विश्वासातून हलली नाही.

1889 मध्ये मुंबईत शारदा सदन ही मुली-विधवांची शाळा, पुढच्या वर्षी ते पुण्याला. 1893 मध्ये ‘मुली बाटवतात’ असा गदारोळ, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर, पालक मुलींना घेऊन घरी. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका आणून केडगावला ठेवल्या; 1900 च्या दुष्काळानंतर तिथल्या मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. जंगलात पाला खाल्लेली मुलगी दुष्काळाला असं उत्तर देत होती.

गुरुजींनी मान हलवली. “कामाबद्दल मला काही म्हणायचंच नाही. माझं म्हणणं, ते काम रमाबाईंनी केलं. देवाचं नाव काढून टाकलं तरी ते तेवढंच मोठं राहतं. आणि दुसरं, ‘देवाची इच्छा’ म्हणत बसणारे लोक सरकारला जाब विचारत नाहीत. आमच्या भागात गेल्या दोन वर्षांत भूकंपाचे हादरे बसले, पांगरा शिंदेकडं जमिनीतून आवाज येतात, लोक काय करतात? नारळ फोडतात.”

“रमाबाईंनी नारळ फोडला नाही, मेणबत्तीही लावली नाही,” सिस्टर म्हणाल्या. 1897 च्या प्लेगमध्ये सरकारी इस्पितळात बायकांचे जे हाल चालले होते त्यावर रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले, पण बाई मागे हटल्या नाहीत. राज्यकर्त्यांचा धर्म आणि रमाबाईंचा धर्म एकच होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या पत्राचं वजन कळतं.

मग शेवटची वर्षं. कान जवळजवळ गेलेले. मनोरमेने निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्याला, मुलींची शाळा चालवली. मुक्तीचा कारभार पुढे तिच्याच हाती जायचा होता. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली, चाळिशीत. आईचं बायबलचं मराठी भाषांतर तेव्हा छापखान्यात होतं. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं हे काम मुक्तीतल्याच मुली जुळवत आणि छापत होत्या. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी डोळे मिटले. पुस्तक बाहेर पडलं 1924 मध्ये.

रमाबाईंवर गुरुजी फार बोलले नाहीत. त्यांचा खरा हल्ला पुढे होता, आणि तो टिळकांवर.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता गुरुजींनी वर्गात अनेक वर्षं शिकवली होती. बाणाने घायाळ झालेली पक्षीण पिलांसाठी घरट्याकडे परत येते, तिथे वर्गातल्या मुली हमखास रडायच्या. “पण कवीनं स्वतःच्या पक्षिणीचं काय केलं?” गुरुजी म्हणाले. “10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मोकळे. बायकोला, लक्ष्मीबाईंना, विचारलं? तिचं कपाळ न पुसता तिला विधवेसारखं केलं. लहानगा दत्तू पदरात, माहेर-बहिणीच्या दारात दिवस काढायचे, लोकांच्या नजरा सोसायच्या. संकट तुमच्या श्रद्धेमुळं आलं, आणि सोसलं दुसरीनं. याला तुम्ही टिळकांचा त्याग म्हणता. त्याग लक्ष्मीबाईंचा होता, तोही न विचारता घेतलेला.”

सिस्टर म्हणाल्या, “बरोबर आहे.”

गुरुजींना हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

“बरोबर आहे,” त्या पुन्हा म्हणाल्या. “मीही लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलंय. त्या पुस्तकात टिळक देवमाणूस आहेत आणि असह्यही आहेत. पगार वाटून टाकतात, घरात चूल पेटायची पंचाईत. लक्ष्मीबाई काही लपवत नाहीत, हसत हसत सगळं सांगून टाकतात. म्हणून तर मला त्यांचा विश्वास टिळकांपेक्षा खरा वाटतो. टिळक एकदम गेले. त्या चार-पाच वर्षं लढल्या. नवऱ्याकडं परत आल्या तरी सोवळं सोडलं नाही, वेगळं पाणी, वेगळं शिजवणं. जातिभेद देवानं केलेला नाही, हे स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा सोवळं सोडलं, त्याआधी नाही. नंतर बाप्तिस्मा. नवऱ्यानं ओढून नेलं असतं तर तो 1919 ला गेल्यावर सगळं सुटलं असतं.”

सुटलं नाही, हे खरं. 9 मे 1919 रोजी टिळक गेले. त्याआधी 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता. ख्रिस्त हवा, पण गोऱ्यांच्या हाताखालचा नको, हे त्यांचं मिशनशी भांडण. म्हणजे लक्ष्मीबाईंना मिशनचा पगारही उरला नाही आणि पतीही उरला नाही. त्यांनी मुलाबरोबर कराची गाठली, नातवंडं सांभाळली, आणि टिळकांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य स्वतः पूर्ण केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईचं ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागांनी छापलं गेलं. फेब्रुवारी 1936 मध्ये त्या गेल्या.

गुरुजींचा टिळकांवरचा आरोप मात्र त्यामुळे खोडला जात नाही, आणि तो खोडू नये असं माझंही मत आहे. ख्रिस्ती चरित्रकारांनी टिळकांचा त्याग रंगवताना त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटलं हे फार हलक्या हाताने लिहिलं. लक्ष्मीबाईंनी स्वतः लेखणी हाती घेतली नसती तर ते आपल्याला कळलंही नसतं.

पुढचा प्रश्न गुरुजींनी जरा आडून विचारला, कारण तो सभ्य घरांत विचारत नाहीत. दुष्काळात मिशनने धान्य दिलं, लोक ख्रिस्ती झाले. पोटासाठी घेतलेल्या धर्माला श्रद्धा कसं म्हणावं?

सिस्टरबाईंच्या आवाजात पहिल्यांदाच धार आली. “माझा पणजोबा भुकेनं आला असेल. मला लाज नाही. उपाशी माणसाला भाकरी देणाऱ्याकडं बघावंसं वाटलं तर त्यात पाप काय? पण पोटासाठीच असतं, तर 1950 नंतर आम्ही एकही उरलो नसतो.”

1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात तिसरा परिच्छेद आहे. त्यानुसार हिंदू सोडून इतर धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा धरत नाहीत. 1956 मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला, 1990 मध्ये बौद्धांचा. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सूसाई प्रकरणात हे बदलायला नकार दिला. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. ती कागदावर राहिली. ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. वस्तीत शेजारीशेजारी राहणारी दोन चुलतभावंडं, दोघांना सारखीच अस्पृश्यता भोगावी लागलेली, पण शाळेच्या दाखल्यावरचा धर्म बदलला की एकाची राखीव जागा जाते.

“म्हणून दाखल्यावर एक लिहितात आणि रविवारी दुसरं गातात,” गुरुजी म्हणाले. “ती कसली टिकलेली श्रद्धा?”

“लेकराची फी तुम्ही भरणार असाल तर खरं लिहायला सांगते,” सिस्टर म्हणाल्या, आणि लगेच नरमल्या. “तुमचं चुकतंय असं नाही. लपवावं लागतं याचा त्रास लपवणाऱ्यालाच जास्त होतो. पण लपूनछपून का होईना, गातात ना? फायदा दुसरीकडं आहे हे माहीत असून गातात.”

माझ्या मते सिस्टरबाईंच्या साऱ्या बोलण्यात सगळ्यात भक्कम मुद्दा हा आहे. संकटात देव धरला याला अनेक कारणं असू शकतात: भीती, सवय, दुसरा आधार नसणं. गेली 75 वर्षं जो देव धरल्याने कागदोपत्री तोटाच होतो तो धरून ठेवणं, याला सौदा म्हणता येत नाही.

गुरुजींनी मग विषय स्वतःच्या अंगणात आणला. नर्सी नामदेव याच जिल्ह्यातलं. औंढा नागनाथही. नामदेवांना विसोबा खेचर औंढ्याला भेटले, पिंडीवर पाय ठेवून झोपलेले, ही कथा इथलं शेंबडं पोर सांगतं. “देवाशी भांडायचं आम्हाला तुमच्या बायबलानं शिकवलं नाही. नामदेव भांडले, जनाबाईनं तर विठोबाला शिव्या घातल्या.”

“टिळक तेच म्हणायचे. ते ख्रिस्ताकडे तुकारामाच्या पुलावरून गेले,” सिस्टर म्हणाल्या. “आमच्यातही ईयोब आहे. पोरं मेली, गुरं गेली, अंगभर फोड. मित्र येऊन सांगतात, तुझंच काहीतरी पाप असेल. 42 अध्यायांचं पुस्तक, त्यातला निम्माअधिक भाग ईयोबाची तक्रार आणि मित्रांशी वाद. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर, तक्रार करणाऱ्यावर नाही. नवरा गेला तेव्हा लोक मला सांगायला आले की देवाची योजना असते. मी त्यांना ईयोबाच्या मित्रांचा अध्याय काढून दिला.”

“म्हणजे तुम्हीही भांडलात?”

“वर्षभर प्रार्थनेत दुसरं काही केलंच नाही.”

“भांडायला समोर कुणी असावं लागतं, सिस्टर. मला समोर कुणी दिसत नाही. तिथंच आपला रस्ता वेगळा होतो.”

“मग तुम्ही कुणाशी भांडता?”

“विमा कंपनीशी.”

“तिच्याशी मीही भांडते. माझा तक्रारअर्ज तुम्हीच लिहून दिलाय.”

यावर दोघेही हसले, आणि बोलणं पुन्हा पंचनाम्यावर गेलं. कुणी कुणाला पटवलं नाही.

वाद पारावरच राहू दे. ख्रिस्ती मंडळ्यांना मात्र एक मागणं आहे. उपासनेत साक्ष द्यायला नेहमी तेच उभे राहतात: आजार बरा झालेले, नोकरी लागलेले, कर्ज फिटलेले. ऐकणाऱ्यांत ज्याचं पीक गेलंय, जिचा माणूस परत आला नाही, ते मान खाली घालून बसतात आणि आपलाच विश्वास कमी पडला असं समजतात. पाळकांनी पुढच्या रविवारी त्यांनाही उभं करावं, ज्यांची प्रार्थना ऐकली गेली नाही त्यांना. त्यांना देवाबद्दल जे म्हणायचंय ते, तक्रारीसकट, मध्ये न थांबवता बोलू द्यावं.